रोजच्या तीन चुका

शाबान महिन्याची अठरावी तारीख, जुम्म्याचा दिवस, दुपारच्या नमाजनंतरची वेळ. जेवायला माणसं सेहेचाळीस. एकूण खर्च चारशे बारा रुपये, त्यात मौलवी साबांना दिलेले एकावन्न आणि अडीच मीटर पांढरं कापड धरलं आहे. हजर होते माझे अब्बा, आई, दादी, दोन चाचा, पेणहून आलेले मामू-मामी, रोह्यातल्या आमच्या मोहल्ल्यातली जमातीची वडीलधारी मंडळी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मी. वय वर्षं दहा, डोक्यावर जरीची टोपी, गळ्यात मोगऱ्याचा हार. हे आकडे माझ्या आठवणीतले नाहीत, अब्बांच्या वहीतले आहेत, म्हणून त्यांची मी खात्री देतो. वहीत नाही ते एवढंच, की ज्या गोष्टीसाठी सेहेचाळीस माणसं जेवली ती गोष्ट झालीच नव्हती.

आमच्यात मुलाने कुराण शरीफ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून पुरं केलं की त्याची आमीन करतात. वाचणं म्हणजे अरबी अक्षर बघून, जेर-जबर, म्हणजे काना-मात्रेसारख्या खुणा, लावून, उच्चार सांभाळून वाचणं. असे तीस पारे, म्हणजे तीस भाग. पुरे झाले की मुलाला नवे कपडे घालून सगळ्यांसमोर बसवतात, तो शेवटच्या छोट्या छोट्या सूरा, म्हणजे अध्याय, म्हणतो, मौलवी साब दुआ करतात आणि लोक आमीन म्हणतात. त्या दिवशी मी सगळ्या सूरा न अडखळता म्हटल्या. दादीने डोळे पुसले. मामूंनी दहाची नोट टोपीत खोचली. माझ्यासमोर रेहलवर, म्हणजे घडीच्या लाकडी स्टँडवर, कुराण उघडं होतं आणि त्या पानावरचं एक अक्षर मला धड लागत नव्हतं.

हे कसं घडलं ते सांगायला हवं, कारण त्यात कोणी लबाडी केली नव्हती. निदान सुरुवातीला नाही. मशिदीला लागून पत्र्याची एक लांब खोली होती, तेच आमचं मकतब. सकाळी दोन तास तिथे चाळीस पोरं बसत आणि चाळीसही पोरं एकाच वेळी, वेगवेगळा सबक, म्हणजे आपापला धडा, मोठ्याने वाचत. बाहेरून ऐकणाऱ्याला तो नुसता गलका वाटे. आत बसलेल्याला त्यात प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येई: कोणाचा अलिफ-बे, कोणाचा सातवा पारा, मधेच मौलवी साबांच्या छडीचा चटईवर आपटल्याचा आवाज, आणि पत्र्यावर पडणाऱ्या चिंचा. मौलवी साब डोळे मिटून बसत. सहा पोरांना समोर घेऊन एकदम ऐकत आणि त्यातल्या चौथ्याने ‘ऐन’ हे अक्षर गळ्यातून काढण्याऐवजी दातांपाशी काढला तरी त्यांची छडी बरोबर त्याच्याच गुडघ्याशी येई. पद्धत अशी, की आधी ते ओळ म्हणत, आम्ही तीनदा म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच बघून वाचून दाखवायची.

माझी अडचण ही, की मला एकदा ऐकलं की पाठ होई. शाळेतले पाढे, दादीच्या दुआ, रोहा-पेण गाडीचं वेळापत्रक, सगळं. त्यात माझा चुलतभाऊ रज्जाक माझ्या शेजारी बसे. त्याचा आवाज खणखणीत आणि वाचणं स्वच्छ. मी त्याच्या मागे अर्धा शब्द राही. पानाकडे बघे, बोट ओळीवरून फिरवी, ओळ कुठे संपते ते मला ठाऊक असे. अक्षर लावायची गरजच पडली नाही. पाच पारे झाल्यावर मला कळलं की रज्जाकला येतं ते मला येत नाही. तोवर सांगण्याची वेळ निघून गेली होती. मौलवी साबांवर माझा राग नाही. एकशे वीस मिनिटं, चाळीस पोरं, म्हणजे डोक्यामागे तीन मिनिटं. त्यातून छडी, हजेरी आणि घरोघरून येणारा चहा वजा केला की दोनसुद्धा उरत नाहीत. दोन मिनिटांत एक पोर ओळखायचं म्हणजे माणसाने किती ओळखावं?

आमीनच्या आदल्या दिवशी आईने तांदूळ भिजवून वाटले, नारळाची माडी घालून पीठ फुगायला ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती चुलीवर सांदणं वाफवत बसली. पांढरी, जाळीदार, हाताला लागली तर दाबली जाऊन पुन्हा वर येणारी. ती गुळाच्या नारळाच्या रसात बुडवून खायची. परसात देग चढली होती, तिच्यात आखणी, म्हणजे आमचा मटणाचा भात, आणि झाकण उचललं की बडीशेपेचा आणि लवंगेचा वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. मी चार सांदणं खाल्ली. त्या दिवशी मला एकदाच भीती वाटली होती, आणि ती म्हणजे मौलवी साब मधलंच एखादं पान उघडतील. त्यांनी उघडलं नाही. त्यांनाही भूक लागली असावी. आता शुगरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून मला सांदण अर्धंच मिळतं, आणि तेही आफिया ताटलीकडे बघत असताना.

आफिया माझी मुलगी, वय बारा. ही गोष्ट तिच्यामुळे पुरी झाली.

मधली वर्षं थोडक्यात उरकतो. मी मराठी शाळेत शिकलो, बी.कॉम. झालो, धाटावच्या एका केमिकल कंपनीत अकाउंट्सला लागलो. पेणच्या नसीमशी लग्न झालं. ती नर्स आहे, पेणच्या दवाखान्यात. नमाज मला सगळी येते, कारण ती पाठ करायची असते. अडचण फक्त रमजानात. घरोघरी त्या महिन्यात कुराण पुरं वाचतात, म्हणून मीही रोज सकाळी रेहल घेऊन बसे, ओठ हलवी आणि पानं उलटी. दिवसाला एक पारा, पाऱ्याची वीस पानं, पानाला दोन मिनिटं. घड्याळ समोर भिंतीवर होतंच. माझं कुराण ईदच्या चंद्राच्या दिवशी पुरं होई, एक पान इकडे-तिकडे नाही. एकोणीस रमजान असे गेले. लोक मला वक्तशीर म्हणत. त्याच गुणावर जमातीने मला मकतबच्या कमिटीत खजिनदार केलं.

आताचे आमचे उस्ताद हाफिज जुनैद. वय तीसच्या आत, मोटारसायकलवर येणारे, हातात छडी नाही. त्यांनी एक दिवस कमिटीपुढे सांगितलं की पेणच्या एका मकतबात पोरं टॅबवर शिकतात, आपण बघून येऊ. कमिटीचे चेअरमन उस्मानचाचा, लाकडाच्या वखारीचे मालक, वय सत्त्याहत्तर. ते गाडीत पुढे बसले आणि नागोठणं येईपर्यंत टॅबच्या विरुद्ध बोलले. गडबला भजी खायला थांबलो तिथेही बोलले. पेणला पोचलो तेव्हा तिथली एक सात वर्षांची पोर कानात इयरफोन घालून ‘ऐन’ म्हणत होती. पडद्यावर तोंडाचं चित्र, गळ्यात कुठून आवाज निघतो ते लाल ठिपक्याने दाखवलेलं. तिचा ‘ऐन’ ऐकून उस्मानचाचा गप्प झाले. परत येताना गडबला पुन्हा भजी खाल्ली तेव्हा म्हणाले, “सत्त्याहत्तर वर्षं झाली, माझा ऐन अजून दातातूनच निघतो. ही पोर कालची.” सहा टॅब घ्यायचे ठरले. मी विरुद्ध होतो, पण ते खर्चासाठी. तसं मी म्हणालो तरी होतो.

हाफिजजींनी बेत नीट आखला होता. कागदाचं कुराण आणि रेहल सोडायची नाही. उच्चार टॅबवर ऐकायचा, वाचायचं मात्र उस्तादांसमोर बसून. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. कुराणाला हात लावण्याआधी वजू करायचा, म्हणजे हातपाय-तोंड धुवायचं, ही पोरांची सवय. टॅबवर नुसती अक्षरं असली तरी सवय मोडू नये म्हणून हाफिजजींनी वजू चालू ठेवला. पोरं हौदावरून येत ती थेट ओल्या बोटांनी पडद्याला लागत. पडदा पाण्याच्या थेंबालाही बोटच समजे. ज्या पोराने सहा महिन्यांत ‘ते’ हे तिसरं अक्षर ओलांडलं नव्हतं तो एका सकाळी तेराव्या धड्यावर पोचला आणि त्याच्या आईने मोहल्ल्यात जिलेबी वाटली. उस्मानचाचा म्हणाले, “हाफिजजी, मशिनीला वजू लागतो काय?”

“मशिनीला नाय चाचा, पोरांना.”

“मग पोरांना टॉवेल पण लागतो. बशीर, लिही.”

मी बारा नॅपकिन आणले. पोराला पुन्हा ‘ते’वर बसवलं. जिलेबीचा विषय कोणी काढला नाही.

दुसरा भाग घरचा होता, आणि तिथेच मी सापडलो. संध्याकाळी मुलाने घरी कागदी कुराणातून सबक वाचायचा आणि आई किंवा बापाने फोन हातात घेऊन ऐकायचा. फोनवर तेच पान दिसे. जिथे मूल चुकेल त्या शब्दावर बोट ठेवायचं, तो लाल होई. शेवटी हिरवं बटण दाबलं की सगळं मकतबात पोचे. सकाळी हाफिजजी तोच सबक पुन्हा ऐकत आणि त्यांच्या चुका त्यांच्या रकान्यात भरत. दर महिन्याला घर आणि मकतब असे दोन रकाने शेजारी ठेवून तक्ता काढावा, ही सूचना माझी. कमिटीने ती एकमताने मंजूर केली. नसीमची दुपारची पाळी, ती पेणहून साडेनऊला येते. म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे.

पहिले चार महिने मी रोज नुसतं हिरवं बटण दाबलं. आफिया छान वाचते, म्हणजे ऐकायला छान वाटतं. माझ्यापुरता तो पुरावा होता. तक्त्यात आमच्या घराच्या रकान्यात शून्य, मकतबच्या रकान्यात नऊ, अकरा, आठ. उस्मानचाचांनी तक्ता डोळ्याजवळ धरून वाचला. “बशीरची पोर घरी एकदम पास हाय गो बाय! मकतबात येऊन नापास कशी होते?”

“मकतबात घाबरते,” मी म्हणालो.

“हाफिजजींना? त्यांना तर मांजर पण घाबरत नाय.”

सगळे हसले. मी घरी येऊन विचार केला की शून्य बरं दिसत नाही. तेव्हापासून मी रोज तीन शब्द लाल करू लागलो. एक वरच्या ओळीतला, एक मधला, एक खालचा. इथे मला थांबून एक कबुली द्यायला हवी. कंपनीत बावीस वर्षं मी दुसऱ्यांची बिलं तपासतो. नव्या पोरांना खोटं बिल कसं ओळखायचं ते मीच शिकवतो. त्यांना सांगतो, खरा माणूस एका दिवशी चाळीसचं पेट्रोल भरतो, दुसऱ्या दिवशी भरतच नाही. जो रोज शंभरचं भरतो त्याला बोलवा. आणि घरी येऊन मी रोज तीन चुका भरत होतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आफियाने फोनमध्ये डोकावून बघितलं.

“अब्बा, हा शब्द मी कसा वाचला?”

“जरा घाईत.”

“मग कसा वाचायचा?”

“उद्या हाफिजजी सांगतील.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुराणाला ओठ लावून ते कपड्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागली, हळू, एकेक अक्षर सुटं करून, आणि रेहल माझ्याकडे जरा वळवून. मला वाटलं पोरीने आमीन जवळ आली म्हणून मनावर घेतलं. ती सव्विसाव्या पाऱ्यात होती. रमजानच्या आधी चार मुलांची आमीन करायची होती, त्यात तिचं नाव पहिलं. नसीमने पेणहून हिरवं कापड आणून ठेवलं होतं आणि ते मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांना दाखवूनही झालं होतं.

मग एका इतवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर हाफिजजींनी मला आणि उस्मानचाचांना मकतबात बसवलं. आफियालाही बोलावलं. ती दाराशी ओढणी सावरत उभी राहिली. हाफिजजींनी टॅब पुढे केला. आवाज न चढवता बोलले. तीन महिने मी बघतो आहे, म्हणाले, घरून येणाऱ्या चुका रोज तीन. ज्या शब्दांवर लाल खूण असते ते ही मुलगी माझ्यासमोर बिनचूक वाचते, आणि जिथे खरोखर चुकते तिथे खूण एकदाही नाही.

उस्मानचाचांना ते लगेच समजलं, म्हणजे त्यांना हवं तसं समजलं. “तीनच? रोज? चुका काय शिफ्टला येतात काय गो तुझ्या?” मग माझ्याकडे वळून, “बशीर, तू धाटाववरून दमून येतोस, फोन पोरीच्या हातात देतोस. ती आपलीच आपण बटणं दाबते. व्हय की नाय?”

मला एक वाट सुचत होती. ओली बोटं. पाण्याचा थेंब पडला की पडदा आपोआप दाबला जातो, हे सगळ्यांनी बघितलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आफियाच बोलली.

“व्हय. मीच दाबते.”

“बघ!” उस्मानचाचांनी मांडीवर थाप मारली. “मकतबमधी लबाडी. हाफिजजी, हिचं नाव खोडा. पुढच्या वर्षी बघू. आमीन म्हणजे काय खेळ हाय? चार लोकांत बसवून आपण काय सांगणार, की पोरगी वाचून पुरं करून आली, आणि हिकडं ही घरात बसून आपलेच मार्क आपण देते!”

आफियाने मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, रेहलींच्या ढिगाकडे बघत होती. आणि मी गप्प बसलो. किती वेळ, हे मी नंतर मनात मोजून बघितलं आहे. पाऊण मिनिट असेल. पाऊण मिनिट मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला माझ्यासाठी खोटं बोलू दिलं, आणि त्यातली पहिली पंधरा सेकंद तर मला चक्क हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आकडा आहे तो आहे.

मग मी म्हणालो, “ती नाय दाबत. मी दाबतो. मला वाचता येत नाय.”

“चष्मा बदल,” उस्मानचाचा म्हणाले.

“चष्म्याचं नाय चाचा. मला अरबी वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं.”

“येडा झालास? तुझी आमीन झाली. तुझ्या आमीनला मी आखणी तीनदा घेतली!”

“ती रज्जाकची आमीन धरा. मी त्याच्या मागून म्हणायचो.”

उस्मानचाचांचा चेहरा मी विसरणार नाही. धर्मावर, खोटेपणावर, काहीतरी ते बोलतील असं मला वाटलं. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि विचारलं, “मग मकतबचा हिशेब?”

“तो बरोबर हाय.”

“नक्की?”

“एक रुपया इकडचा तिकडे नाय. बघून घ्या. मी राजीनामा देतो.”

“राजीनामा कशाला देतोस? पैसे मोजता येतात ना तुला?”

हाफिजजी इतका वेळ टॅबकडे बघत होते. ते म्हणाले, “बशीरभाई, घरी ज्यांची एकही चूक निघत नाही अशी सतरा घरं आहेत. बेचाळीसपैकी सतरा. मी त्यांच्यातल्या कोणालाच बोलावलं नाही. ज्यांना ऐकता येत नाही ते गप्प बसून बटण दाबतात, एवढंच. तुम्ही मात्र चुका बनवल्यात. त्या रोज सकाळी मी या मुलीला पुन्हा शिकवत होतो. तिला जे येत होतं तेच.” मग ते आफियाकडे वळले. “आणि तू खोटं बोललीस.”

“व्हय,” ती म्हणाली.

“पुन्हा बोलायचं नाय.”

“नाय.”

उस्मानचाचांनी नाव खोडण्याचा विषय पुन्हा काढला. मकतबात बसून खोटं बोलली ती बोललीच, म्हणाले. हाफिजजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लिहा चाचा. ती खोटं बोलली असं लिहा, आणि कोणासाठी बोलली तेपण लिहा.” चाचांनी काही लिहिलं नाही. सतरा घरांत त्यांच्या नातवाचं घर होतं की नव्हतं हे मी विचारलं नाही, आणि खजिनदार या नात्याने मला ते बघता आलं असतं तरी मी बघितलं नाही.

घरी जाताना आफिया माझ्यापुढे चार पावलं चालत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, “तुम्ही पान उलटायचं विसरायचा. मी पुढच्या पानावर गेले तरी तुमचं बोट मागच्याच पानावर असायचं. म्हणून मी हळू वाचायला लागले.” एवढं बोलून ती पुन्हा पुढे गेली.

नसीमला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, चहाच्या वेळी. ती तांदळाची भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

“लग्नानंतरच्या पहिल्या रमजानपासून. कुराणात चौदा जागी सजदा करायचा असतो. तिथवर वाचत आलं की माणूस थांबतो, डोकं टेकतो, मग पुढं वाचतो. बाजूला लिहिलेलं असतं तसं. तुम्ही एकदाही थांबला नाय. चौदाही जागा तुम्ही फास्ट गाडीसारख्या सोडल्या. एकोणीस वर्षं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? रोज वेळेवर बसत होतात. वीस पानं मोजून उलटत होतात. मला वाटलं, जे देता येतंय ते देतोय माणूस.” तिने भाकरी उलटली. ती फुगली. “पण पोरीवर यायला नको होतं.” त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. ते रास्तच होतं.

आफियाची आमीन ठरल्या दिवशी झाली. हिरवा ड्रेस, चार मुलं, मशिदीच्या मागच्या मंडपात. हाफिजजींनी नवी रीत काढली: शेवटच्या सूरा म्हणून झाल्यावर प्रत्येक मुलासमोर कुराण कुठेही उघडलं आणि सांगितलं, इथून वाच. आफियासमोर कुठलं पान उघडलं हे मला सांगता येत नाही. ती दोनदा अडखळली, मागे जाऊन पुन्हा वाचली आणि पुढे गेली. लोक आमीन म्हणाले. मीही म्हणालो.

त्या सतरा घरांसाठी आणि माझ्यासाठी मग मोठ्यांचा वर्ग निघाला. पहिल्या इतवारी आम्ही चार जण आलो, नंतर नऊ झालो, नावं लिहीत नाही. टॅबवर ‘ऐन’ ऐकायचा, इयरफोन काढायचा, हाफिजजींसमोर म्हणायचा. माझा ‘ऐन’ ऐकून शेजारच्या रांगेतली पोरं तोंड दाबून हसत. हाफिजजींना मोठ्यांना रोज ऐकायला वेळ नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की ज्या मुलांची आमीन झाली आहे त्यांनी आपल्या घरातल्या मोठ्या माणसाचा कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, रोज ऐकायचा, चुका भरायच्या, आणि महिन्याची दीडशे रुपये फी त्या मुलालाच द्यायची. ठरावाच्या वेळी मी विरुद्ध हात वर केला होता, आणि या वेळी तो खर्चासाठी नव्हता. आफियाने पहिल्या संध्याकाळी माझ्या एकेचाळीस चुका लाल केल्या. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस, तिसऱ्या दिवशी तेहेतीस. मी म्हणालो, “वाढल्या कशा?” ती म्हणाली, “खऱ्या असल्या की असंच होतं.”

कायदा पुरा व्हायला मला चार महिने लागले. पोरांना तीन लागतात. फी मी दर महिन्याला देऊ करत होतो. ती म्हणे, पुरा झाल्यावर एकदम. पुरा झाला त्या दिवशी दुपारी मी तिला सहाशे रुपये रोख दिले आणि पावती मागितली. तिने वहीचा कागद फाडला, उर्दूत, म्हणजे जवळपास त्याच अक्षरांत, तीन ओळी लिहिल्या, पहिलीच्या पोरासाठी लिहितात तसं जेर-जबर सगळं लावून, आणि कागद माझ्या हातात ठेवला. “वाचा,” म्हणाली. मी खिडकीपाशी गेलो. अक्षर लावत लावत वाचायला मला अकरा मिनिटं लागली, मधे दोनदा तिने ‘परत’ म्हटलं. पहिल्या ओळीत तारीख होती. दुसऱ्या ओळीत सहाशे रुपये, अक्षरी. तिसरी ओळ दोनच शब्दांची होती: अब्बा से.